मैदान लांब, मॅच सकाळी: वाचकांचे प्रश्न

पाऊस संपला, नागपुरात रेशीमबागेपासून कळमन्यापर्यंत मैदानांवर पुन्हा रोलर फिरायला लागले आणि आपल्याकडे पत्रं यायला लागली. यंदा बॅटिंग-बॉलिंगपेक्षा जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, मॅचला पोचायचं कसं आणि लांबून येणाऱ्यांना सांभाळून लीग घ्यायची कशी. म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकला. माझं मत आधीच सांगतो म्हणजे उत्तरं वाचताना गोंधळ व्हायचा नाही: वेळापत्रक बनवणाऱ्यानं घड्याळ मैदानावर लावू नये, जो पोरगा सगळ्यात लांबून येतो त्याच्या घराच्या दारापासून वेळ मोजावी. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं काढली आहेत, गावं तेवढी ठेवली.

दादा, आम्ही चार-पाच मित्र हिंगणा रोडवर हिवाळ्यात लेदर बॉलची लीग घेतो. मागच्या साली आठ टीम होत्या, यंदा बारा येऊन राहिल्या, त्यात भंडारा, उमरेड, काटोल आणि वर्धा अशा चार बाहेरच्या. मागच्या वेळी उमरेडवाले दोनदा वेळेवर पोचले नाही, समोरच्याला वॉकओव्हर दिला, म्हणजे न खेळताच जिंकवलं, तर भांडणं झाली. सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं असं ठरलं आहे, 40 ओव्हरच्या मॅच, दोन ग्राउंड, फक्त रविवार. जमते का हे? (हिंगणा रोड, नागपूर)

नाही जमत भाऊ, आधी हिशोबच करून बघा. बारा टीम सगळ्यांशी खेळल्या तर 66 मॅच होतात. 40 ओव्हरची मॅच म्हणजे एका ग्राउंडवर दिवसाला एकच, दोन ग्राउंड धरले तरी 33 रविवार लागतील आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रविवार मिळतात साधारण सतरा. त्यातही एखादा लग्नाचा, एखादा परीक्षेचा, एखाद्या रविवारी ग्राउंडच दुसऱ्याला दिलेलं. म्हणजे तुमची फायनल मे महिन्याच्याही पार जाईल आणि नागपूरच्या उन्हात लेदर बॉलची मॅच दुपारी खेळवणं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ आहे, ते करूच नका.

सहा-सहाचे दोन ग्रुप करा. एका ग्रुपात 15 मॅच, दोन्ही मिळून 30, वर दोन सेमीफायनल आणि एक फायनल. आता या 30 मॅच 40 ओव्हरच्या ठेवल्या तर दोन ग्राउंडवर 15 रविवार जातात, नॉकआऊटचे दोन धरून सतरा, राखीव दिवस एकही उरत नाही. म्हणून लीगच्या मॅच 20 ओव्हरच्या करा आणि 40 ओव्हरची मजा सेमी-फायनलला ठेवा. 20 ओव्हरच्या दोन मॅच एका ग्राउंडवर एका दिवसात आरामात बसतात. आपल्याकडच्या हौशी टीमला एका ओव्हरला साडेचार मिनिटं धरायचीच, टीव्हीवरचा स्पीड धरू नका. दोन्ही डाव मिळून 40 ओव्हर म्हणजे तीन तास, वर मधला ब्रेक वीस मिनिटं. साडेनऊला सुरू केलेली मॅच एकच्या आत संपते, दुसरी दीडला सुरू केली की पाचच्या आधी संपते आणि डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो हे डोक्यात ठेवूनच मी हे सांगतो आहे. चार ग्राउंड-स्लॉट प्रत्येक रविवारी मिळाले की 30 मॅच आठ रविवारात निघतात.

आता खरी गोष्ट, बाहेरच्या चार टीम. त्यांचा ड्रॉ चिठ्ठ्या टाकून काढू नका. भंडारा आणि उमरेड एका ग्रुपात टाका, काटोल आणि वर्धा दुसऱ्यात, म्हणजे दोन्ही ग्रुपांवर प्रवासाचा भार सारखा येईल आणि नंतर कोणी म्हणणार नाही की अमक्या ग्रुपला सगळ्या घरच्याच मॅच मिळाल्या. बाहेरची टीम आली की तिच्या एकाच दिवशी दोन मॅच लावा, सकाळी एका नागपूरच्या टीमशी, दुपारी दुसरीशी. पाच मॅच तीन फेऱ्यांत संपतात. पोरं थकतात हे खरं आहे, दुसऱ्या मॅचमध्ये फास्ट बॉलर लंगडायला लागतात, पण पाच वेळा पहाटे उठून येण्यापेक्षा त्यांना हेच परवडते, मी विचारून पाहिलं आहे. फक्त त्यांच्या दोन मॅचच्या मधात जेवायला चाळीस मिनिटं सोडा आणि जेवण तुमच्याकडून द्या, ग्राउंडवर पोळी-भाजीचे डबे आले तरी पुरते.

पैशाचं म्हणाल तर एन्ट्री फी सगळ्यांची हजार रुपयांनी वाढवा. बारा टीमचे 12,000 झाले. चार बाहेरच्या टीमच्या तीन-तीन फेऱ्या म्हणजे 12 फेऱ्या, प्रत्येक फेरीला हजार रुपये गाडीभाड्याला मदत. पूर्ण भाडं त्यात निघणार नाही पण डिझेलचा बराचसा भाग निघतो आणि मुख्य म्हणजे त्या पोरांना समजते की आपण येतो याची कोणाला तरी किंमत आहे. नागपूरच्या टीमचे कप्तान कुरकुर करतील, की आम्ही काहून द्यायचे? त्यांना सांगा की बाहेरच्या टीम नसत्या तर तुमची लीग गल्लीचीच राहिली असती आणि फायनलला बघायला तेच तेच लोक आले असते.

वॉकओव्हरचा नियम लीग सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून सगळ्या कप्तानांच्या सह्या घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे नियम नव्हे. क्रिकेटच्या कायद्यात टॉस मॅचच्या वेळेच्या आधी 30 ते 15 मिनिटांच्या दरम्यान करायचा असतो, पण हौशी लीगला त्यात थोडी ढील द्यावीच लागते. मॅट अंथरून झालेली, कडेनं खिळे ठोकून झालेले, स्टंप लागलेले, स्कोरर मोबाइल चार्जिंगला लावून बसलेला, आणि उमरेडवाल्यांची क्रूझर अजून पाचगावच्या पुढे-मागे कुठेतरी, कप्तान फोनवर म्हणतो 'दादा, पोचलोच समजा'. हे चित्र नागपूरच्या प्रत्येक आयोजकानं पाहिलं आहे. अशा वेळी तिथल्या तिथे निर्णय घ्यायला गेलं की भांडण होतेच. म्हणून आधीच लिहा: सात खेळाडू ग्राउंडवर असले की टॉस होईल. सात नसतील तर सुरुवातीच्या वेळेनंतर 30 मिनिटं थांबायचं आणि दर पाच मिनिटाला उशिरा आलेल्या टीमची बॅटिंगची एक ओव्हर कापायची, त्याउपर वॉकओव्हर. येणारच नसतील तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायचं. कळवलं तर मॅच एकदा राखीव रविवारी ढकलता येते, न कळवता गायब झाले तर दोन पॉइंट समोरच्याला. वॉकओव्हरची मॅच नेट रनरेटमध्ये (पॉइंट सारखे झाले की टीमचा नंबर ज्यावर ठरतो तो धावांचा वेग) धरायची नाही आणि टीम 14 ओव्हरमध्ये ऑल आऊट झाली तरी रनरेट काढताना पूर्ण 20 ओव्हर धरायच्या, या दोन ओळीही त्याच कागदावर घाला, नाहीतर शेवटच्या रविवारी कॅल्क्युलेटर घेऊन दोन टीम समोरासमोर उभ्या राहतील.

मी 23 वर्षांचा, वरोऱ्याला कंपनीत कामाला, शिफ्ट ड्युटी. नागपूरच्या एका क्लबकडून मीडियम फास्ट टाकतो. शनिवारी नाइट असली की सकाळी सुटून तसाच बाइकवर नागपूर गाठतो. मागच्या महिन्यात दोनदा लेट झालो तर कप्तानानं बॉलिंगच दिली नाही, बाउंड्रीवर उभं केलं. घरी आई रोज रागावते. खेळ सोडू का, असं वाटून राहिलं आता. (वरोरा)

खेळ सोडू नको बेटा, पण रात्रभर जागून शंभरएक किलोमीटर बाइक चालवणं आजपासून बंद कर. हे मी तुझ्या बॉलिंगसाठी सांगत नाही आहे. चंद्रपूर रोडला कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक चोवीस तास चालतात, सकाळी ऊन डोळ्यावर येते, हेल्मेटच्या आत गरम व्हायला लागते आणि डोळा कधी लागला ते कळत नाही. तुझी आई रागावते ती बरोबर रागावते. तिला क्रिकेटचा राग नाही, त्या बाइकची भीती आहे, एकदा शांतपणे बसून विचारून बघ.

आता कप्तानाचं. तू लेट आलास म्हणून त्यानं बॉलिंग दिली नाही, यात दरवेळी त्याचा राग असतो असं नाही. क्रिकेटच्या कायद्यातच आहे, नियम 24: खेळाडू सुरुवातीला मैदानावर नसेल तर जितका वेळ तो बाहेर राहिला तितका वेळ आत येऊन फिल्डिंग केल्याशिवाय त्याला बॉल टाकता येत नाही, जास्तीत जास्त 90 मिनिटं. आठ मिनिटांपर्यंतची गैरहजेरी धरत नाहीत, आणि कारण अंपायरना पूर्ण पटलं तर सूट मिळू शकते. म्हणजे साडेनऊची मॅच, तू दहाला मैदानात, की दहा-तीस वाजेपर्यंत तुझ्या हातात बॉल नाही. 20 ओव्हरच्या मॅचमध्ये तोवर समोरच्याच्या तेराएक ओव्हर होऊन गेलेल्या असतात. नव्या बॉलचा बॉलर असा गेला तर कप्तान काय करणार? त्याच्याशी भांडू नको, त्याच्यासोबत बसून महिन्याचं कॅलेंडर कर.

तुझं शिफ्टचं रोटेशन तुला आधी माहीत असते ना? महिना सुरू व्हायच्या आधी कप्तानाला सरळ पाठव, अमक्या दोन रविवारी मी पक्का, अमक्या रविवारी नाइट आहे म्हणून नाही. ज्या शनिवारी सकाळची शिफ्ट असेल त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं किंवा बसनं नागपूरला ये, वरोरा नागपूर-बल्लारशा लाइनवरच आहे, आणि क्लबच्या कोणा पोराच्या घरी झोप. नागपूरच्या पोरांनाही सांगतो, बाहेरून खेळायला येणाऱ्या दोस्ताला हॉलमध्ये एक गादी टाकून द्यायला घरचे नाही म्हणत नाहीत, विचारायला तेवढं आपण पाहिजे. महिन्यात दोन मॅच ताज्या अंगानं खेळलास तर चार मॅच पेंगत खेळण्यापेक्षा जास्त विकेट मिळतील.

आणि लांबून येणाऱ्याचं काही होत नाही असं जे मनात येऊन राहिलं आहे ते काढून टाक. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत कामाला. 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि 2011 मध्ये टेस्ट, विदर्भाकडून टेस्टपर्यंत गेलेला पहिला खेळाडू तोच. नागपूरच्या क्लबांच्या गुजदर लीगमध्ये खेळणाऱ्या कितीतरी पोरांच्या किट बॅगवर आजही एसटीच्या टपाची धूळ असते. तू 23 चा आहेस, तुझ्याकडे वेळ आहे, फक्त तो वेळ रस्त्यावर धोक्यात घालू नको.

मुलगी 15 वर्षांची आहे, कळमेश्वरला राहतो. ती लेदर बॉलवर प्रॅक्टिससाठी नागपूरला जायचं म्हणते. इथं मुलींची टीम नाही. तिचे बाबा म्हणतात एवढ्या लांब रोज कोण नेणार आणि संध्याकाळी अंधारात एकटी कशी येईल. मला तिला पाठवायचं आहे, पण कसं जमवू कळत नाही. (कळमेश्वर)

ताई, तुम्हाला पाठवायचं आहे हेच अर्धं काम झालं, बाकीचं जमवता येते. रोज पाठवूच नका. सोमवार ते शुक्रवार तिला कळमेश्वरलाच मुलांसोबत खेळू द्या, कॅचिंग, धावणं, भिंतीवर बॉल मारून बॅटिंग, हे गावात होते. नागपूरला फक्त शनिवार-रविवारी. ज्या ॲकॅडमीत घालाल तिथं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा. मुलींची बॅच सकाळची आहे का, आणि पॅड-हेल्मेट तिथंच ठेवता येतात का. किट तिथं राहिलं की मुलीच्या पाठीवर बॅट आणि पाण्याची बाटली एवढंच ओझं, बसमध्ये उभं राहायला सोपं जाते. संध्याकाळची बॅच असेल तर हिवाळ्यात ती साडेचारला सुटायला पाहिजे, हे त्यांना स्पष्ट सांगा. तुमच्यासारख्या दोन-तीन आया बोलल्या तर ॲकॅडमीवाले वेळ बदलतात. मुलींची संख्या वाढावी असं त्यांनाही वाटते.

खर्चाचं, मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या बसमध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे, तुम्हालाही आणि मुलीलाही, म्हणजे तुम्ही सोबत गेलात तरी दोघींचं मिळून एकाच पूर्ण तिकिटाएवढं लागते. पहिले दोन महिने तुम्ही जा, वाट तिच्या पायाखालची होऊ द्या, मग त्याच रस्त्यावरची अजून एखादी मुलगी शोधा, वाडीची, दाभ्याची, कोणीही, म्हणजे दोघी मिळून येतील-जातील. तिच्या बाबांना एकदा मैदानावर घेऊन जा, तिला नेटमध्ये बॅटिंग करताना त्यांनी स्वतः बघितलं पाहिजे, घरी बसून चर्चा करून हा प्रश्न सुटत नाही. 2017 च्या वर्ल्ड कपमध्ये भारताच्या टीममध्ये आपल्या नागपूरची मोना मेश्राम होती, हेही त्यांना सांगा. मुलींच्या अंडर-15, अंडर-19 अशा टीम आता होतात, त्यामुळे 15 हे वय उशिराचं नाही, पण अजून दोन वर्षं घरातच बोलण्यात घालवायचंही नाही.

आम्ही वर्ध्याची टीम. नागपूरला मॅचला यायला एका मित्राच्या घरची सात सीटर आहे, तो म्हणते डिझेल आणि वर 1500 द्या. बाकी पोरं बाइकवर समृद्धीनं येतो म्हणतात, लवकर पोचू. चालेल ना? (वर्धा)

समृद्धीवर टू-व्हीलरला परवानगीच नाही, तो विषय इथंच बंद करा. कोणी म्हणत असेल की पहाटे कोणी बघत नाही, तर त्याला गाडीतच बसवा. त्या रस्त्यावर गाड्या 120 नं धावतात, बाइकवाल्याला तिथं वाचायला जागा नाही.

गाडीचं म्हणाल तर दोस्ताच्या गाडीत डिझेल वाटून घेणं वेगळं आणि वर भाडं देणं वेगळं. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची असते, ती भाड्यानं चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते, मग त्या मित्राचं घर बसेल आणि तुमच्या पोरांच्या दवाखान्याचंही कोणी बघणार नाही. भाडं द्यायचंच आहे तर पिवळ्या पाटीची क्रूझर करा, किट आणि अकरा-बारा पोरं एकाच गाडीत येतात. ड्रायव्हरला संध्याकाळी परत जायचं आहे हे लक्षात ठेवून दुपारी त्याला जेवू घाला आणि झोपू द्या, मॅच बघायला बसवू नका.

अजून एक, टीममधल्या प्रत्येकाच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का हे कप्तानानं या आठवड्यातच तपासावं. 18 ते 70 वयाला मिळते, वर्षाला 20 रुपये कटतात, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर एक लाख. वर्ष 1 जून ते 31 मे असते. फ्रॅक्चरच्या दवाखान्याचा खर्च यात निघत नाही, त्यासाठी टीमच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला ठेवलेले बरे.

मी हौशी लीगमध्ये अंपायरिंग करतो. घर सक्करदऱ्याला. जवळ रेशीमबागेला मॅच असो की शहराबाहेर जामठ्याकडच्या ग्राउंडला, मानधन सारखंच मिळते, ऑटोचे पैसे माझ्याच खिशातून. बोलायला गेलं तर म्हणतात दुसरा अंपायर बघतो. खेळाडूंचं सगळे बोलतात, आमचं कोणी विचारत नाही. (सक्करदरा, नागपूर)

सर, तुमचं पत्र मी मुद्दाम घेतलं, कारण वरच्या हिंगणा रोडवाल्या मित्रांनी आणि बाकीच्या आयोजकांनी हेही वाचावं असं मला मनापासून वाटते. अंपायर दिवसभर उन्हात उभा, दोन मॅच असल्या तर सात तास, आणि शिव्याही तोच खातो. त्याला खिशातून जायला लावणं हे बरोबर नाही, इथं दुसरं मत असूच शकत नाही.

तुम्ही एकट्यानं बोललात तर ते दुसरा बघतील हे खरं आहे. म्हणून तुमच्यासारखे जे पाच-सात जण नेहमी या लीगना उभे राहतात त्यांनी मिळून एक साधं पान बनवा, सीझनच्या आधी. मानधन वेगळं, प्रवास वेगळा. शहरातल्या ग्राउंडला इतके, रिंग रोडच्या बाहेर इतके, दोन मॅच असतील तर जेवण आयोजकाकडून. आकडे तुम्ही ठरवा, पण सगळ्यांनी तोच आकडा सांगायचा. आयोजकांना यात एक सोय दाखवा: अंपायरची जोडी एकाच भागातली लावली तर एकाच गाडीवर दोघं येतात, प्रवासाचे पैसे एकदाच द्यावे लागतात. जामठ्याकडे जाताना खापरीपर्यंत मेट्रो आहे, सीताबर्डीहून थेट, तिथून पुढचं ऑटोचं भाडं आयोजकानं द्यायचं किंवा कोणाला तरी बाइकवर घ्यायला पाठवायचं. आणि पैसे मॅच संपल्यावर त्याच संध्याकाळी, स्कोअरशीटवर सही करतानाच. फायनलनंतर एकदम देतो म्हणणाऱ्या आयोजकाकडे पहिल्या रविवारीच विषय काढा, तेव्हा त्याला तुमची गरज असते.